सही जुळत नाही

"सही जुळत नाहीये तुमची," खिडकीपलीकडची मुलगी म्हणाली आणि तिने संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. डावीकडे मी चोविसाव्या वर्षी दिलेली नमुना सही होती, उजवीकडे दहा मिनिटांपूर्वी अर्जावर केलेली. डावीकडची पुढे झुकलेली, धावत सुटल्यासारखी. तिची शिरोरेघ एका दमात ओढलेली आणि इतकी लांब, की चौकट ओलांडून बाहेर गेलेली. उजवीकडची उभी, आखूड. शिरोरेघ मध्ये एकदा थांबून पुन्हा सुरू झाली होती, तो जोड पडद्यावर स्पष्ट दिसत होता. "परत करून बघता?" तिने विचारलं. मी केली. या वेळी जुन्या सहीकडे बघत बघत केली आणि ती आणखीच बिघडली. दुसऱ्याच्या अक्षराची नक्कल करताना हात बिचकतो तशी. तिसऱ्यांदा केली. मागे रांग वाढत होती. शेवटी तिने नमुना सही बदलण्याचा अर्ज पुढे सरकवला आणि अगदी समजुतीने म्हणाली, "होतं असं. वयाप्रमाणे बदलते सही."

वयाप्रमाणे.

केस पांढरे झाले तेव्हा मला फार काही वाटलं नव्हतं. चष्मा लागला तेव्हाही नाही. डोळ्यातलं भिंग जन्मभर थरावर थर चढवत राहतं, ताठर होत जातं आणि चाळिशीच्या आसपास जवळचं बघायला वाकेनासं होतं, हे नेत्रशास्त्र सांगतं; आपल्या भाषेने तर त्या चष्म्याचं नावच 'चाळिशी' ठेवून टाकलंय. सगळ्यांना लागते, मलाही लागली. पण सहीचं तसं नव्हतं. कॉलेजच्या वहीच्या शेवटच्या पानावर पन्नास वेळा गिरवून मी ती ठरवली होती. 'ही मी' असं जगाला सांगायचा तो माझा पुरावा. त्रेपन्नाव्या वर्षी तो पुरावा माझ्या बाजूने बोलायला तयार नव्हता.

त्या संध्याकाळी मी पाठकोरे कागद घेऊन बसले आणि जुनी सही करायचा प्रयत्न करू लागले. वळणं आठवत होती. पहिल्या अक्षराचं फुगीर पोट, शेवटच्या अक्षराची उडती वेलांटी, सगळं येत होतं, पण सुटं सुटं येत होतं. एकातून दुसरं वाहत नव्हतं. आई शेजारच्या खुर्चीत होती. एकोणऐंशी वर्षांची माझी आई एकतीस वर्षं टायपिस्ट होती. अक्षरांकडे बघण्याची तिची नजर अजून कामातली आहे. तिने एक कागद उचलला, डोळ्यांपासून लांब धरला, मग जवळ घेतला. "केवढी घाई असायची तुला तेव्हा," ती म्हणाली. "सहीसुद्धा पळत पळत करायचीस."

खरंच होतं ते. चोविसाव्या वर्षी मी कुठे पोचायच्या घाईत होते ते आज सांगता येणार नाही, पण घाई होती. आज अंगातली घाई ओसरली, म्हणून सही उभी राहिली का? की हातच बदलला? मी शोधत, वाचत गेले. दोन्ही खरं निघालं, आणि हाताची गोष्ट मला वाटलं होतं त्याहून फार वेगळी निघाली.

बोटांच्या टोकांशी स्पर्श टिपणारी जी सूक्ष्म इंद्रियं असतात ती वयाबरोबर विरळ होत जातात. पेन किती घट्ट धरलंय हे मेंदूला पूर्वीसारखं बारकाईने कळत नाही, म्हणून हात त्याला लागतं त्याहून जास्तच आवळून धरतो. पण मी खरी थबकले ती पुढच्या माहितीपाशी. स्नायूचा प्रत्येक तंतू पाठीच्या कण्यातल्या कुठल्या तरी एका चेतापेशीच्या हुकमतीत असतो. उतारवयात या पेशी एकेक करून कमी होऊ लागतात. एखादी गेली की तिचे तंतू पोरके होतात. त्यातले काही सुकून जातात. पण बऱ्याच तंतूंकडे शेजारची एखादी पेशी आपली नवी फांदी पाठवते आणि त्यांना पदरात घेते. तिचे स्वतःचे तंतू असतातच, त्यात या दुसरीच्या लेकरांची भर पडते. म्हणून ताकद बराच काळ टिकून राहते. बारकावा तेवढा जातो, कारण आता एका हुकमावर पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त तंतू एकदम हलतात. जाड कुंचल्याने बारीक रेघ ओढायला घेतल्यासारखं होतं ते. आईच्या हातातली पेली ओठांशी नेताना जी किंचित हिंदकळते तिच्यामागे इतर कारणंही असतील, त्यातली सगळी निरुपद्रवी नसतात, म्हणून आम्ही डॉक्टरांना दाखवून आलो. पण ते हिंदकळणं मी इतकी वर्षं निव्वळ ऱ्हास म्हणून बघत होते. त्याच्यामागे गेलेल्यांची जबाबदारी उरलेल्यांनी उचलण्याची एवढी धडपड चालली असेल हे मला ठाऊक नव्हतं. हे वाचल्यानंतर मी आईचा हात हातात घेऊन बसले. तिला वाटलं मला काहीतरी झालंय.

आईच्या टायपिंगचीही अशीच एक गोष्ट आहे. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत तिच्या कार्यालयात विशी-बाविशीच्या मुली आल्या होत्या. त्यांची बोटं बघून तिला धडकी भरायची, असं तिने मला पुष्कळदा सांगितलंय. आणि तरी दिवसाअखेर कागदांची चळत तिचीच त्यांच्याइतकी, क्वचित जास्तही. "कसं होतं ते मलाच कळायचं नाही," ती म्हणायची. टिमथी सॉल्टहाउस या मानसशास्त्रज्ञाने १९८४ मध्ये नेमकं हेच तपासलं होतं. १९ ते ७२ वर्षं वयाच्या टायपिस्टांना त्याने एकाच मापाने मोजलं. नुसतं भराभर बोट आपटायला सांगितलं की वय झालेल्यांचा वेग कमी भरे; खूण दिसताक्षणी कळ दाबायची असली तरी ते मागे पडत. मजकूर टाइप करताना मात्र ते तरुणांच्या बरोबरीने चालत. कारण त्यांची नजर बोटांच्या पुढे, तरुणांच्या नजरेपेक्षा बरीच लांबवर गेलेली असे. येणारी अक्षरं त्यांना आधीच दिसत आणि हात त्या बेताने तयार होई. हे मी आईला वाचून दाखवलं. ती काही बोलली नाही. जरा वेळाने तिच्या मांडीवरची बोटं हलताना दिसली, एक अदृश्य ओळ टाइप करत असावीत तशी, आणि डोळे भिंतीवर, बोटांच्या खूप पुढे.

तिच्या बाबतीत एक चूक मात्र माझ्याकडून झाली आहे आणि ती मला छळते. चारेक वर्षांपूर्वी आई संभाषणातून सुटू लागली. आम्ही चौघं बोलत असलो की ती नुसती "हो, हो" करायची. हसायचं तिथे एक क्षण उशिरा हसायची. मी म्हटलं, "न्हाणीघरात पाणी साठलंय," की ती घाबरून विचारायची, "काय फाटलंय?" मला वाटायचं, तिचं लक्ष नाही. मग वाटायला लागलं, तिला आमच्यात रसच उरला नाही. मी मोठ्याने बोलायचे. मोठ्याने म्हणजे ओरडूनच, आणि ओरडताना चेहरा कसा होतो हे आपल्याला दिसत नसतं, समोरच्याला दिसतं. कानातल्या केसपेशी एकदा गेल्या की परत येत नाहीत आणि सगळ्यात आधी जातात त्या वरच्या पट्टीतले आवाज टिपणाऱ्या. स्वरांचा आवाज दणदणीत आणि खालच्या पट्टीतला, म्हणून आ, ओ, ई ऐकू येतात. स, श, फ, थ, ख ही व्यंजनं हलकी, वरच्या पट्टीतली, नुसत्या श्वासाची. ती विरून जातात. आईला बोलणं ऐकू येत होतं, शब्दांच्या कडा ऐकू येत नव्हत्या. साठलंय आणि फाटलंय यात तिच्यासाठी फरकच उरला नव्हता. प्रत्येक वाक्यात ती गाळलेल्या जागा भरत बसायची, आणि ती भरेपर्यंत आम्ही पुढच्या विषयावर गेलेलो असायचो. किती दमवणारं असेल ते! दमूनच ती गप्प झाली होती.

श्रवणयंत्र घ्यायला मी जवळजवळ तीन वर्षं लावली. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या स्मृतिभ्रंशावरच्या आयोगाने २०२४ च्या अहवालात ज्या १४ गोष्टी सावरल्या तर धोका कमी करता येईल असं म्हटलंय, त्यात ऐकू कमी येणं आहे, आणि सामाजिक एकटेपणाही आहे. आमच्या घरात एकातून दुसरं निघालं होतं आणि आम्ही त्याला स्वभाव म्हणत होतो. यंत्र बसवून आली त्या दिवशी आई दारातच उभी राहिली. "कसला आवाज येतोय?" तिने विचारलं. तिच्याच चपला फरशीवर घासल्याचा होता.

'साठी बुद्धी नाठी' ही म्हण मी लहानपणापासून ऐकत आले. म्हणी सहसा अनुभवातून आलेल्या असतात, पण या म्हणीने पुष्कळ माणसांवर अन्याय केलाय असं माझं स्पष्ट मत आहे. वॉर्नर शाय या संशोधकाने १९५६ मध्ये अमेरिकेतल्या सिअ‍ॅटल शहरात माणसांच्या बौद्धिक क्षमता मोजायला सुरुवात केली आणि दर सात वर्षांनी तो त्याच माणसांकडे परत जात राहिला. त्या लांबलचक नोंदींतून दिसलं ते असं, की बुद्धी नावाची एकच गोष्ट नाही आणि ती एका दिवशी मावळत नाही. झटपट ताडण्याचा वेग तारुण्यातच उतरणीला लागतो. शब्दांची समज आणि तर्क मध्यम वयापर्यंत टिकतात, वाढतातसुद्धा, आणि बहुतेकांच्या बाबतीत ठळक उतार साठीनंतरच दिसतो, तोही प्रत्येकाचा निराळा. रेमंड कॅटेल या मानसशास्त्रज्ञाने याआधीच बुद्धीचे दोन प्रवाह वेगळे करून दाखवले होते: नवं कोडं सोडवणारी वाहती बुद्धी आणि आयुष्यभर साठत गेलेली मुरलेली बुद्धी. 'मुरलेली' हा शब्द माझा. त्याने स्फटिकाची उपमा दिली होती. पण स्फटिक गार आणि अचल असतो. आईकडे जे आहे ते मुरत मुरत आलेलं आहे.

नावं मात्र जातात, माझीही जायला लागली आहेत. चेहरा समोर असतो, त्या माणसाचं गाव, काम, त्याची हसण्याची लकब सगळं आठवतं आणि नाव ओठांपर्यंत येऊन परत फिरतं. याचं कारण कळलं तेव्हा जरा धीर आला. समोरचा माणूस सुतारकाम करतो असं कळलं तर मनात करवत, रंधा, लाकडाचा वास असं सगळं एकदम जागं होतं आणि त्यातल्या कशालाही धरून तो शब्द पुन्हा सापडतो. त्याचं आडनाव सुतार आहे असं कळलं तर त्याला धरायला काहीच नसतं. तोच शब्द, पण नाव म्हणून तो एका बारीक धाग्यावर लटकत असतो. वय त्या धाग्यालाच सैल करतं. माणूस पुसला गेलेला नसतो.

माणसांवरून आठवलं. परवा फोनमधली नावं चाळत होते. चारशेवर नावं, आणि मी खरोखर बोलते अशी अकरा. पंधरा वर्षांपूर्वी हा हिशेब करून मी रडले असते. लॉरा कार्स्टेन्सन या संशोधिकेने हे आयुष्यभर अभ्यासलंय. तिचं म्हणणं, वय वाढतं तसं माणसांचं वर्तुळ आकसतं, पण त्यात आपला हात असतो. पुढे थोडाच काळ आहे हे जाणवलं की माणूस ओळखी वाढवणं सोडतो आणि जवळच्यांकडे वळतो. हे निव्वळ वयाचंही नाही: १९९७ मध्ये हाँगकाँगचं ब्रिटनकडून चीनकडे हस्तांतर व्हायचं होतं, एक युग संपतंय अशी भावना होती, तेव्हा तिथल्या तरुणांनीही नव्या ओळखींपेक्षा आपली माणसं पसंत केली, आणि ते सरून गेल्यावर ते तरुण पुन्हा बाहेर बघू लागले. हे वाचून मला बरं वाटलं. तरी सगळं पटलं असं म्हणणार नाही. माझ्या अकरातली प्रत्येक व्यक्ती मी निवडलेली आहे, पण त्या चारशेतली काही मी सोडलेली नाहीत. ती गेली. एका मैत्रिणीचा नंबर मी अजून काढलेला नाही. तिच्याशी जे बोलायचे ते आता दुसऱ्या एकीशी बोलते, आणि बोलताना कधी कधी त्या पोरक्या तंतूंची आठवण येते. हिने माझं ते बोलणं पदरात घेतलंय. तिला हे कधी सांगितलेलं नाही.

आईचं वर्तुळ याहून लहान. तिला मी विचारलं, "एकटं वाटतं का गं?" ती म्हणाली, "माणसांचं नाही वाटत. पायांचं वाटतं." मला कळलं नाही. तिने समजावून सांगितलं: जिन्यावर पाय टाकताना पूर्वी तिला पायाचा विचारच करावा लागत नसे, आता प्रत्येक पायरीला त्याला विचारावं लागतं, येशील ना? एरिक एरिक्सन या मानसशास्त्रज्ञाने आयुष्याचे आठ टप्पे मांडले, त्यातला शेवटचा म्हातारपणाचा: जगलेलं सगळं आपलं म्हणून स्वीकारता येणं, नाहीतर वैफल्य. १९९४ मध्ये तो गेला. त्याची पत्नी जोन त्याच्या कामात पहिल्यापासून सोबत होती; नव्वदी ओलांडल्यावर तिने स्वतःच्या अनुभवावरून त्यात नववा टप्पा जोडला आणि तो १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. तिने लिहिलं ते असं, की त्या वयात आयुष्याचा पहिला प्रश्न परत समोर येतो. तान्ह्या बाळापुढे असतो तो, विश्वास ठेवावा की नाही. फरक एवढाच, की बाळाला तो जगाबद्दल पडतो आणि नव्वदीच्या माणसाला स्वतःच्या शरीराबद्दल. मला हे कुठल्याही आलेखापेक्षा खरं वाटतं. आईने दोन वाक्यांत तेच तर सांगितलं होतं.

तेव्हापासून ती रोज सकाळी खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठते. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी तसं सांगितलंय. १९९० मध्ये नव्वदीच्या आसपासच्या दहा अशक्त माणसांना आठ आठवडे पायांचा वजनी व्यायाम दिला, तर त्यांच्या पायांची ताकद सरासरी पावणेतीनपट झाली होती. आईची किती झाली ते मोजलेलं नाही. सातव्या वेळेला ती थोडी थांबते, खुर्चीच्या हातांकडे बघते आणि त्यांना न धरता उठते.

नमुना सही बदलायला गेले तेव्हा तीही आली. तिचीही सही जुळत नव्हती, असं गेल्या वेळीच पत्र आलं होतं. मी ते पुढे ढकलत होते. खिडकीशी तीच मुलगी. तिने आईचा हात पाहिला आणि हळू आवाजात मला विचारलं, "आजींचा अंगठा घेऊ या का? सोपं पडेल त्यांना." मी उत्तर देण्याआधी आई म्हणाली, "सही करते." तिला ऐकू आलं होतं.

तिच्यासाठी खुर्ची आली. मी कागदाच्या कडेवर तळहात ठेवला, सरकू नये म्हणून. पेन टेकलं तिथे शाईचा एक ठिपका पसरला. पहिलं अक्षर. मग ती थांबली, पुढच्या रिकाम्या जागेकडे बघितलं, दुसरं अक्षर. एकेक अक्षर वेगळं, अंतर सारखं, कळी दाबावी तसं. मागे कुणीतरी घसा खाकरला. माझा हात तिच्या कोपराकडे निघाला होता, तो मी परत कागदावर आणून ठेवला. सगळी अक्षरं झाल्यावर तिने पेन उचललं, डाव्या टोकाशी नेलं आणि शिरोरेघ ओढायला घेतली. रेघ वर गेली, खाली आली, एका अक्षराला जरा सोडून गेली, पण कुठेही न थांबता शेवटच्या अक्षरापर्यंत पोचली. मग खाली दोन टिंबं, ती कायम देत आली तशी. आणखी दोन चौकटी होत्या. त्याही तिने भरल्या.

"आता तू," पेन माझ्याकडे देत ती म्हणाली, "सावकाश कर."

तिने धरलं होतं तिथे पेन अजून गरम होतं.